स्वतःच्या जाडेपणावर आधी आपणच का हसतो?

ग्रुप फोटो काढायचा असतो. सगळे दाटीवाटीने उभे राहतात. फोटो काढणारा हाताने "अजून आत, अजून आत" अशा खुणा करत असतो. तेवढ्यात घोळक्यातला सगळ्यात जाड माणूस म्हणतो, "मला कडेला घ्या रे, नाहीतर पॅनोरमा काढावा लागेल!" हशा पिकतो आणि फोटो झकास येतो, कारण सगळे खरोखरच हसत असतात.

हा माणूस म्हणजे मीच. मोबाइलमध्ये पॅनोरमा येण्याआधी मी "दोन रीळं लागतील" म्हणायचो. तंत्रज्ञान बदललं, विनोद तोच राहिला. बरीच वर्षं मला वाटायचं की ही माझी विनोदबुद्धी. मग कधीतरी लक्षात आलं की हा विनोद मला सुचत नाही, तो माझ्याकडून होतो. शिंक यावी तसा. आणि शिंक का येते हे शोधायला हरकत नसावी.

एक कारण अगदी साधं आहे: वाट बघणं नकोसं होतं. जाड माणसाला चारचौघांत शिरताना पक्कं ठाऊक असतं की वजनावरून काहीतरी बोललं जाणार. कधी आणि कोणाकडून, एवढंच ठाऊक नसतं. खुर्ची करकरली, लिफ्टमध्ये शेवटचे आपण शिरलो आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजली, की आजूबाजूच्या चेहऱ्यांवर वाक्य जुळताना दिसू लागतं. ते वाक्य ऐकण्यापेक्षा त्याची वाट बघण्यात जास्त दमछाक होते. मग आपणच बोलून मोकळं व्हायचं. निदान शब्द आपले, वेळ आपली, आवाज आपला. दुसऱ्याने "ढोल्या" म्हणण्यापेक्षा स्वतःला "पॅनोरमा" म्हणवून घेणं परवडतं. "हसतील त्याचे दात दिसतील" असं म्हणून पुढे जाण्याइतकं घट्ट मन सगळ्यांचं नसतं. बाकीच्यांसाठी मराठीत दुसरा शब्दप्रयोग आहे, हसून साजरं करणं.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज म्हणाला होता की दुसऱ्याचं उणं दिसलं आणि त्या मानाने आपण सरस आहोत असं अचानक जाणवलं, की माणूस हसतो. त्याने एक पुस्तीही जोडली होती: हे उणं स्वतःचंच, पण पूर्वीचं असलं तरी चालतं. म्हणजे स्वतःवर हसणारा माणूस स्वतःचे दोन तुकडे करतो. एक घसरून पडणारा आणि एक ते पडणं लांबून बघणारा. जाड माणूस पॅनोरमाचा विनोद करतो तेव्हा तो क्षणभर बघणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तिथे गर्दी असते आणि बरंही वाटतं. अडचण एवढीच, की शरीर याच बाजूला राहिलेलं असतं.

सिग्मंड फ्रॉइडने 1927 साली विनोदावर एक छोटा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण असं: एका कैद्याला सोमवारी सकाळी फाशी द्यायला नेत आहेत आणि तो म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर छान झाली!" फ्रॉइडच्या मते इथे माणसाच्या मनातला वडीलधारा भाग आतल्या घाबरलेल्या पोराला जवळ घेऊन सांगत असतो, अरे, ज्याला एवढा घाबरतोस ना, त्याची आपण थट्टा करू शकतो. या कैद्याकडे मी पुन्हा येणार आहे. तूर्तास एवढंच बघा, की तो स्वतःला हसत नाहीये. "माझी मानच अशी आहे की दोरीला मोह पडावा" असं तो म्हणत नाही. तो सोमवारला हसतोय.

आता समोरचे का हसतात? 2010 मध्ये पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी विनोदाची एक सुटसुटीत उपपत्ती मांडली. काहीतरी मर्यादा मोडली जाते आहे आणि तरीही त्यात खरा धोका नाही, या दोन्ही गोष्टी एकदमच जाणवल्या की हसू येतं. गुदगुल्या याचा नमुना: हल्ला आहे, पण लटका. कोणाच्या वजनाबद्दल बोलणं हीही मोडायला अवघड मर्यादा असते. सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं, सगळे ते न पाहिल्यासारखं करत असतात. ज्याचं वजन तोच बोलला की "चला, याला काही वाटत नाही" म्हणून धोका संपतो आणि कोंडलेला श्वास हसू होऊन बाहेर पडतो. गंमत म्हणजे स्वतःला गुदगुल्या करून घेता येत नाहीत. स्वतःवर विनोद करता येतो, पण त्यातलाही मोकळा श्वास बहुतेक वेळा समोरच्यांच्याच वाट्याला येतो.

इथवर सगळं ठीक वाटतं. वेळ निभावली, हशा मिळाला, कोणी दुखावलं नाही. मग मानसशास्त्रज्ञ याकडे एवढ्या काळजीने का बघतात?

रॉड मार्टिन या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 32 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. विनोदबुद्धी ही एकच चांगली गोष्ट आहे, ती जितकी जास्त तितकी बरी, असा समज तोवर बऱ्यापैकी रूढ होता. मार्टिन यांनी विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या केल्या. मी माझ्या सोयीने त्यांना मराठी नावं देतो: माणसं जोडणारा विनोद, स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि स्वतःला पाडणारा विनोद. पहिल्या दोन तऱ्हा ज्यांच्यात जास्त ती माणसं सर्वसाधारणपणे समाधानी आढळली. स्वतःला पाडणाऱ्या विनोदाची सवय ज्यांना जास्त, त्यांच्यात चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त आणि स्वतःबद्दलचा आदर कमी दिसला. आता यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा प्रश्नावलीतून ठरत नाही. उदास माणूस स्वतःला पाडून बोलतो की पाडून बोलल्याने उदास होतो? माझा अंदाज, दोन्ही चाकं एकमेकांना फिरवतात. पण तो अंदाजच.

खरी गोम आहे ती सावरणारा आणि पाडणारा यांच्यातल्या फरकात, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीत माणूस स्वतःबद्दलच बोलतो, दोन्हीत लोक हसतात. एक उदाहरण घ्या. लिफ्ट बंद आहे. चार जिने चढून धापा टाकत पोचलेला माणूस म्हणतो, "थांबा, श्वास अजून दुसऱ्या मजल्यावर आहे, येतोय मागून." दुसरा त्याच जिन्याने येतो आणि म्हणतो, "आमच्यासारख्या पिंपांना क्रेननेच वर घेतलं पाहिजे." दोघांचं वजन सारखं, जिने तेवढेच, हशाही तेवढाच. पण पहिल्याने आपल्यावर ओढवलेला प्रसंग सांगितला. त्यात तो माणूस आहे, त्याचा श्वास हरवलाय, कोणाचाही हरवू शकतो. दुसऱ्याने स्वतःवर निकाल दिला: मी माणूस नाही, पिंप आहे. पहिला विनोद जिन्यावर संपतो. दुसरा घरी सोबत येतो.

आणि तो सोबत येतो याला तसा आधार आहे. टोरी हिगिन्स आणि विल्यम रोल्स यांनी 1978 मध्ये एक प्रयोग केला. लोकांना एका व्यक्तीचं वर्णन वाचायला दिलं आणि मग ते तिसऱ्या कोणालातरी सांगायला लावलं. त्या तिसऱ्याला ती व्यक्ती आवडत नाही असं कळलं, की सांगणारे जरा वाईट अंगाने सांगत. इथपर्यंत काही नवल नाही, आपण सगळेच समोरचा माणूस बघून बोलतो. नवल पुढे आहे. सांगणाऱ्यांची स्वतःची आठवणही नंतर त्याच बाजूला कलली. बोललेलं वाक्य फक्त समोरच्याच्या कानात जात नाही. आता विचार करा, ज्याचं वर्णन चाललंय तो आपणच आणि ऐकणाराही आपणच. वर्षानुवर्षं, दिवसातून दोनदा.

मग काही लोक स्वतःची टर उडवून इतके लाडके कसे होतात? कार्यालयातले मोठे साहेब भाषणात स्वतःच्या पोटावर विनोद करतात आणि सगळ्यांना ते आपलेसे वाटतात. याचं उत्तर 1966 च्या एका झकास प्रयोगात आहे. एलियट ॲरन्सन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेतल्या स्पर्धकांची रेकॉर्डिंग ऐकवली. एक स्पर्धक 92 टक्के उत्तरं बरोबर देणारा, दुसरा 30 टक्के. काही रेकॉर्डिंगमध्ये शेवटी कप सांडल्याचा आवाज आणि "अरे देवा, सगळी कॉफी नव्या सुटावर सांडली" अशा अर्थाचं वाक्य होतं. हुशार स्पर्धकाने कॉफी सांडली तर तो लोकांना अधिकच आवडला. सामान्य स्पर्धकाने सांडली तर होता तेवढाही आवडेनासा झाला.

म्हणजे स्वतःला खाली आणणं हा पत असलेल्या माणसाचा खर्च आहे. साहेबांच्या खात्यात आदर भरपूर जमा असतो, त्यातला थोडा ते उधळतात आणि उलट उदार ठरतात. ज्याचं खातं आधीच रिकामं आहे, ज्याच्याकडे लोक आधीच वजनाच्या चष्म्यातून बघतात, त्याने तोच विनोद केला तर लोक "किती दिलखुलास" म्हणतीलच असं नाही, काहीजण नुसतं मनातल्या मनात म्हणतील, "खरंच की." ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी 2018 मध्ये, वजनाच्या नव्हे तर वेगळ्या संदर्भात, रंगमंचावरूनच सांगितलं होतं की जो आधीच कडेला ढकलला गेलाय त्याने स्वतःची टर उडवणं म्हणजे नम्रता नव्हे, स्वतःची मानहानी आहे. सरसकट सगळ्यांना ते लागू होतं असं मी म्हणणार नाही. पण विनोद करणारा कुठे उभा आहे यावर विनोदाची किंमत ठरते, हे मात्र खरं.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वात त्रासाचा भाग. परवाना.

थॉमस फोर्ड या अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञाने टिंगलीच्या विनोदांचा बराच अभ्यास केला आहे. त्याचं सूत्र थोडक्यात असं: टिंगल ऐकून भल्या माणसाच्या मनात नवा आकस तयार होतोच असं नाही. पण ज्यांच्या मनात तो आधीपासून आहे त्यांना टिंगलीमुळे कळतं की इथे हे चालतं. खोलीतला नियम बदलतो. जाड माणसाने स्वतःवर केलेला विनोद हा तर प्रत्यक्ष मालकाच्या सहीचा परवाना. आणि परवान्यावर मुदत लिहिलेली नसते.

माझ्या ऑफिसात एक नवा मुलगा आला होता. ओळख दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी त्याने मला "पॅनोरमा सर" अशी हाक मारली. त्याला कोणीतरी सांगितलं असणार की यांना चालतं, हे स्वतःच म्हणतात. मी हसलो, अर्थातच. मग दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. रागवायचं तरी कोणावर? त्या पोराने काही वाईट केलं नव्हतं; माझीच वस्तू त्याने मला परत दिली होती. फक्त त्याच्या हातात ती वेगळी दिसली. मी म्हणायचो तेव्हा त्यात "तुम्ही म्हणायच्या आत मी म्हणतो" हे दडलेलं असायचं. त्याच्या तोंडी उरलं ते फक्त माझं माप.

मस्करीची कुस्करी होते ती अशी. आणि एकदा आपण "चालतं" या खात्यात गेलो की "चालत नाही" म्हणण्याचा हक्क जातो, निदान तसं वाटतं. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तूच तर म्हणतोस!" या वाक्याला उत्तर नसतं. गमतीदार जाड माणूस ही एक नोकरी होऊन बसते. तिला सुट्टी नाही. एखाद्या दिवशी गप्प बसलं तर लोक विचारतात, बरं नाही का?

त्यातून काळही मदतीला नाही. टेसा चार्ल्सवर्थ आणि महजरीन बानाजी यांनी 2007 ते 2016 या काळात अमेरिकेतल्या लोकांनी ऑनलाइन दिलेल्या सुमारे 44 लाख चाचण्यांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. माणसाच्या नकळत मनात वावरणारे पूर्वग्रह त्यात मोजले होते. समलैंगिकतेबद्दलचा आकस झपाट्याने कमी झाला होता, वर्णाबद्दलचाही कमी झाला होता. जाड माणसांबद्दलचा आकस मात्र उलट वाढलेला दिसला. याचं एक कारण असं असावं की वजन ही सर्वस्वी ज्याची त्याची करणी, असं लोक धरून चालतात. ते अर्धसत्य आहे. जन्मानंतर वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा 1990 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. उंचीच्या मानाने वजनाच्या बाबतीत ही जुळी भावंडं एकमेकांशी जवळपास 0.7 इतक्या प्रमाणात जुळत होती (1 म्हणजे पूर्ण जुळणी, 0 म्हणजे काहीच संबंध नाही). वेगळं घर, वेगळं ताट, तरी शरीर सारखं. प्रयत्नांना अर्थ नाही असा याचा अर्थ नाही, पण "मनावर घेतलं तर महिन्यात उतरेल" म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यायला हवं.

"आम्ही चिडवतो ते तुझ्या भल्यासाठीच" हा युक्तिवाद तर निकालातच निघालेला आहे. अँजेलिना सुटिन आणि अँटोनियो टेराचियानो यांनी 6,157 प्रौढांची 2006 आणि 2010 मधली माहिती ताडून पाहिली. वजनावरून आपल्याला वाईट वागणूक मिळते असं ज्यांनी सांगितलं होतं, ते आधी लठ्ठ नसले तर पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. लाजेने वजन उतरत नाही. लाजलेला माणूस व्यायामाला चारचौघांत जायचं टाळतो आणि डॉक्टरांकडेही, कारण तिथेही पहिलं वाक्य तेच येणार.

मुलांच्या बाबतीत हे आणखी नाजूक. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 4,746 शाळकरी मुलामुलींच्या एका पाहणीत, जी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली, वजनावरून चिडवलं जाणं आणि उदासी, स्वतःबद्दलची नावड यांचा स्पष्ट संबंध दिसला. आणि तो फक्त जाड मुलांपुरता नव्हता, मुलाचं प्रत्यक्ष वजन काहीही असो. "काडीपहिलवान", "वारा सुटला की हिला धरून ठेवा" हेही त्यातच आलं. नऊ-दहा वर्षांचं पोर पाहुण्यांसमोर स्वतःच स्वतःला "जाड्या" म्हणून हशा मिळवतं तेव्हा मोठ्यांना ते चलाख वाटतं. मला हल्ली पोटात कालवतं. एवढ्या लवकर नोकरीला लागलं बिचारं.

मग काय, हसणंच सोडायचं? नाही, अजिबात नाही. आता तो सोमवारचा कैदी आठवा. त्याने नेम बदलला होता.

विमानातली सीट अरुंद असते तेव्हा "मी मावत नाही" असंही म्हणता येतं आणि "ही सीट बहुतेक कपड्यांच्या हँगरला मोजून बनवलीय" असंही. दोन्हीत हशा आहे. पहिल्यात चूक आपली, दुसऱ्यात सीटची. आणि खरं सांगायचं तर सीट खरोखरच अरुंद असते, शेजारचा सडपातळ माणूसही त्यात अवघडून बसलेला असतो. दुकानात "फ्री साइज" लिहिलेला शर्ट दिसला की मी विक्रेत्याला विचारतो, "फ्री म्हणजे कोणासाठी?" चिडवणारा आपल्या पोटाकडे बघत "काय, चांगलं चाललंय वाटतं!" म्हणाला तर "हो ना, तुझं कसं चाललंय?" एवढंच पुरतं. या विनोदांना तेवढीच धार आहे, फक्त पातं आतल्या बाजूला वळलेलं नाही.

कधी कधी विनोदाची गरजच नसते. कोणी टोमणा मारला तर शांतपणे "म्हणजे?" विचारून बघा. समजावून सांगावा लागलेला टोमणा तिथेच मरतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि पहिल्यांदा केलं तेव्हा समोरच्यापेक्षा मलाच जास्त घाम फुटला होता. दिलेला परवाना परत घेणंही जमतं, पण ते घोळक्यात जमत नाही. एकेकट्याला गाठून, साध्या शब्दांत: "मी स्वतःला म्हणतो ते सोड, तू म्हणू नकोस. मला लागतं." बहुतेक लोक ओशाळतात आणि थांबतात. जे थांबत नाहीत त्यांच्याबद्दल निदान एक गोष्ट पक्की कळते.

आपला विनोद कुठल्या जातीचा हे ओळखायचं असेल तर हशा मोजू नका, तो दोन्हीला सारखाच मिळतो. हशा ओसरल्यावर काय उरतं ते बघा. हाच विनोद सख्ख्या मित्राने स्वतःवर केला असता तर आपण खळखळून हसलो असतो, की त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता? आणि आजचा दिवस हा विनोद करायचाच नाही असं ठरवलं तर जमतं का? मला सुरुवातीला दुपारपर्यंतही जमलं नव्हतं. विनोदाच्या आड खाणं टाळणं, आरशाकडे न बघणं, माणसांत जाणं नको होणं असं काही साचत असेल तर ते एकट्याने हसून निभावण्यासारखं नसतं, समुपदेशकाशी बोलावं.

ऐकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. कोणी स्वतःच्या वजनावर विनोद केला तर त्यात आपली भर घालू नये, हे तर उघडच आहे. पण "छे, कुठे जाड आहेस तू!" हेही फारसं बरं नाही. मिमी निक्टर आणि नॅन्सी वुकोविक यांनी 1994 मध्ये किशोरवयीन मुलींच्या बोलण्यातली ही जोडी टिपली होती: एकीने "मी किती जाड आहे" म्हणायचं, दुसरीने "नाही गं" म्हणायचं, आणि हे फिरत राहायचं. त्या "नाही गं"मध्ये मायाच असते, पण जाड असणं म्हणजे काहीतरी भयंकर, ज्याचा तातडीने इन्कार करायला हवा, हेही त्यातच असतं. हलकं हसून विषय पुढे नेलेला बरा. "ते जाऊ दे, तू काल काय सांगत होतास?" या प्रश्नाइतका आदर मला कुठल्याच कौतुकात मिळालेला नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा ग्रुप फोटो होता. मी मधेच उभा राहिलो आणि काही बोललो नाही. दोन-तीन सेकंद सगळे माझ्याकडे बघत राहिले, जणू कोणाची तरी एंट्री चुकली होती. शेवटी फोटो काढणाऱ्या मित्रानेच विचारलं, "काय रे, आज पॅनोरमा नाही का?"

म्हटलं, "तू दोन पावलं मागे जा."

तो गेला. सगळे फ्रेममध्ये आले.